ओळखीची जागा

झरीच्या आबांचा परभणीतला डॉक्टर दुखण्यावरून ठरत नाही, फटफटी कुठं लावता येते त्यावरून ठरतो. पोट दुखत असलं तरी आबा आधी दाताच्या दवाखान्यापुढं थांबतात, कारण तिथला कंपाउंडर गावचा. तिथं गाडी लावायची आणि पोट धरून पायी पोटाच्या डॉक्टरकडं जायचं. कंपाउंडर सुट्टीवर असला की आबा दुखणं पुढं ढकलतात.

जिंतूर रस्त्यानं सकाळी शहरात शिरणारे असे आबा एकटेच नाहीत. गावात गाडी लावणं हे काम म्हणून कुणी धरतच नाही. लिंबाखाली उभी केली की झालं, किल्लीसुद्धा तिलाच. कुणी नेली तर पेट्रोल टाकून आणावी, एवढीच माफक अपेक्षा. शिवाजी चौकात मात्र हातगाडे, ऑटो आणि खुद्द दुकानदाराची मोटरसायकल यांतून जी वीतभर जागा उरते, तिथं साडी नेसलेली प्लास्टिकची बाई उभी असते. चष्मा घरी राहिला होता त्या दिवशी आबा तिला अदबीनं म्हणाले होते, "बाई, जरा सरका."

२०११ साली परभणीची महापालिका झाली, तेव्हा आबांना वाटलं, आता गाडीची सोय होणार. पट्टे मारून, पावती फाडून गाड्या लावाव्यात, असं त्यांचं स्पष्ट मत आहे. फक्त पट्टा दुसऱ्यांसाठी आणि पावती परगावच्यांसाठी. "आपुन कामून पावती फाडायची? आपली वळख हाय!"

ही ओळख म्हणजे आबांचं खरं पार्किंग. नानलपेठेत मामेभावाच्या सासऱ्याचं दुकान, स्टेशन रोडला मेडिकलवाला, कच्छी बाजारात एक शिंपी. शिंपी एक बाही आखूड करतो. पण दुकानाला सावली आहे, म्हणून घरातल्या सगळ्यांच्या सदऱ्यांची एक बाही आखूड. नव्या मोंढ्यात काम असलं की आबा खूश. तिथं ट्रक मावतात, मग फटफटीची काय कथा.

ओळख नसेल तिथं आबा 'दोनच मिनिटं' म्हणून गाडी सोडतात आणि पाईपाचे जोड बघायला जातात. जोड घ्यायचे म्हणजे भाव करायचा, भाव करायचा म्हणजे चहा. तेवढ्यात कुणीतरी फोटो काढून जातो. नो पार्किंगचा दंड आता पहिल्या खेपेला ५०० रुपये, पुन्हा सापडलं की १,५००. आबांना त्याची झळ उशिरा लागते, कारण गाडीच्या कागदावर पुण्यातल्या पुतण्याचा मोबाईल नंबर आहे. चलन त्याला जातं. पोराला तेवढंच कळतं की आबा परभणीला गेले होते, म्हणजे तब्येत बरी आहे.

या पुतण्यानं त्यांना पुण्यातली सम-विषम तारखांची रीत समजावली. आज रस्त्याच्या या कडेला, उद्या त्या कडेला. आबांनी बोटं मोजली. "एकतीस बी विषम आन् एक बी विषम. मंग दोन दिस एकाच बाजूला?" पुतण्या अजून उत्तर शोधतोय. तिथल्या महापालिकेनं २०१८ साली रस्त्यावर गाडी लावायला पैसे घेण्याचं धोरण आणलं, त्यावर केवढा गदारोळ झाला, हे ऐकून तर आबांना पुणेकरांबद्दल प्रथमच आपुलकी वाटली. २०२५ साली परिवहनमंत्री प्रताप सरनाईक म्हणाले, जागा दाखवल्याशिवाय नव्या मोटारीची नोंदणी नको. आबांनी अंगणाकडं हात केला. "धा मोटारी मावतेत. मोटारच तेवढी न्हाई."

परवा एक मोटार आलीच. बरोबर फाटकाच्या तोंडाशी, बैलगाडी अडवून. आबा तावातावानं बाहेर आले. "कोनाची हाय रं ही? जनाची न्हाई तर मनाची तरी!" मोटारीतून उतरलेला गृहस्थ ओशाळून म्हणाला, "दोनच मिनिटं, काका. शेजारी पत्रिका द्यायचीय. शिवाजी चौकात कापडदुकान आहे आमचं."

आबांनी बैल सोडायला लावले, बाज टाकली, चहा सांगितला आणि जवळ सरकून विचारलं, "दुकान नेमकं कोन्त्या अंगाला? दुपारी सावली पडती का हो म्होरं?"