इनिंगला किती पडले?

दुसऱ्याच्या कमाईला कशाने तरी भागून पाहिल्याशिवाय आपल्या मनाला चैन पडत नाही. डॉक्टरची फी मिनिटांनी, गवयाची बिदागी रागांनी. या छंदाला अमेरिकेतल्या बेसबॉलइतकं सुपीक रान दुसरं नाही. तिथे पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, करारही जगजाहीर असतो आणि त्याने टाकलेल्या इनिंगही, म्हणजे डावही.

लॉस एंजेलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर सँडी कूफॅक्स घ्या. 1966 साली त्याने 323 इनिंग टाकून 27 सामने जिंकले, तेही संधिवाताने धरलेल्या कोपराने. सामना संपला की हात बर्फात. त्या हंगामाआधी तो आणि त्याचा जोडीदार डॉन ड्रायस्डेल रुसून बसले होते. दोघांना मिळून तीन वर्षांचे दहा लाख डॉलर हवे होते. मालकाला घाम फुटला, पण बेताचाच. कारण तेव्हाच्या नियमाने खेळाडूला आपणहून दुसऱ्या संघात जाता येत नसे. रुसून जाणार कुठे? अखेर कूफॅक्सची सव्वा लाखावर बोळवण झाली. इनिंगला 387 डॉलर! आजच्या भावाने दहापट धरा, तरी हात आखडताच. हंगाम संपल्यावर तो निवृत्त झाला, वय वर्षे 30. पुढच्या आयुष्यात हात धड हवा, एवढंच त्याचं म्हणणं.

तो नियम 1975 च्या अखेरीस मोडला, तोही एका पिचरमुळे. अँडी मेसरस्मिथ करारावर सही न करता अख्खा हंगाम खेळला आणि लवादाने त्याला मोकळं केलं. चार वर्षांत पिचर नोलन रायन वर्षाला दहा लाखांवर पोहोचला. पुढे आकडे असे सुटले की शून्यं मोजताना बोट घसरावं.

मग येतो वॉशिंग्टनचा पिचर स्टीफन स्ट्रासबर्ग. 2019 च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेचा, तो मानकरी. लगेच डिसेंबरात सात वर्षांचा साडेचोवीस कोटी डॉलरचा करार. त्यानंतर दुखण्यांनी असं गाठलं की एकूण सामने आठ, विजय एक, इनिंग जेमतेम 31. भागाकार केला तर इनिंगला सुमारे 78 लाख. चहाचा कप हातातच राहतो.

लोक याला बुडीत खातं म्हणतात. मला ते पटत नाही. कागदावर ते पैसे पुढच्या सात वर्षांचे असले, तरी मालक मोजत होता त्या वर्ल्ड सिरीजमधल्या चेंडूंचे, जे टाकून झाले होते. उधारी चुकवली म्हणा. कूफॅक्सची मात्र कुणीच चुकवली नाही.

सध्या माझं लक्ष जपानी पिचर योशिनोबू यामामोतोवर आहे. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये एकही चेंडू टाकण्याआधी डॉजर्सनी त्याला बारा वर्षांसाठी साडेबत्तीस कोटी कबूल केले. 2025 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये पठ्ठ्याने तीन सामने जिंकून दिले, शेवटचे दोन लागोपाठच्या रात्री. भाज्य ठरलेला आहे, भाजक 2035 पर्यंत कळायचा नाही; तोवर पेन्सिल कानावर.