मावशी, हे नॉर्मल आहे ना?

पहिलटकरीण पोटावरून ओळखू येत नाही. पोट दिसायला लागेपर्यंत ती बरीच निवळलेली असते. अस्सल पहिलटकरीण पहिल्या तीन महिन्यांतली, आणि तिची खूण म्हणजे फोन. रात्री सव्वादोनला उशाशी फोन थरथरला की मी चष्मा न लावता सांगू शकते, मेसेज कुणाचा आणि त्यातलं शेवटचं वाक्य काय. ‘मावशी, हे नॉर्मल आहे ना?’

ही माझी भाची. वाकडला राहते, हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. म्हणजे जे सुरळीत चाललंय त्यात खोट कुठे आहे हे हुडकून काढण्याचा तिला दरमहा पगार मिळतो. अशा मुलीच्या ताब्यात निसर्गाने तपासायला तिचंच शरीर दिलं, मग काय व्हायचं? मी डॉक्टर नव्हे. बँकेच्या काउंटरवर बत्तीस वर्षं आणि पदरात दोन बाळंतपणं, एवढंच माझं भांडवल. पण आईला विचारायची सोय नव्हती. आईला विचारलं असतं, तर ती साताऱ्याहून पुढच्या एसटीने पिशवी घेऊन, डोळे पुसत हजर झाली असती.

सुरुवात रेघांपासून झाली. ‘मावशी, दोन रेघा आल्या, पण दुसरी फिकट आहे.’ मी म्हटलं, फिकट असली तरी रेघ ती रेघ. चेकवरची सही फिकट असली म्हणून आम्ही चेक परत करत नव्हतो. तेवढ्याने कुठलं समाधान? रोज नव्या कंपनीची काडी. चौथ्या दिवशी चार काड्या फूटपट्टीला टेकवून काढलेला फोटो आला. ‘तिसरीपेक्षा चौथी फिकट आहे. काही कमी होतंय का?’ चौकशीअंती कळलं की आदल्या रात्री बाईसाहेब मोठी बाटली भरून पाणी प्यायल्या होत्या. लघवी पातळ, तर रेघही पातळ.

मग हिशेब. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाच आठवडे झाले. हिचा मेसेज, ‘पण आम्हाला कळून चारच दिवस झालेत!’ तिला समजावलं की हे गणित शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात. तिथून २८० दिवस, म्हणजे चाळीस आठवडे. त्यातले पहिले दोन आठवडे बाळाचा पत्ताच नसतो, तरी मोजायचे. खातं उघडायच्या आधीचं दोन आठवड्यांचं व्याज देणारी ही जगातली एकमेव बँक.

सहाव्या आठवड्यात तक्रार आली, ‘मला मळमळतच नाही.’ दहा जणींत दोघी-तिघींना मळमळ होतही नाही, त्यांचीही मुलं शाळेत जातात, असं मी लिहिलं. दोन दिवसांनी मळमळ आली. नावाला मॉर्निंग सिकनेस, पण हिची सकाळी आठला सुरू होऊन रात्री अकरापर्यंत ओव्हरटाइम करायची. फोडणीचा वास नको झाला, म्हणून कुकर आणि शेगडी बाल्कनीत गेली. फ्रिजला वास यायला लागला. जावईबापूंचा डिओडरंट बंद झाला, मग आफ्टरशेव्ह, आणि शेवटी जावईबापू स्वतः हॉलमधल्या सोफ्यावर गेले. ‘मावशी, इतकी मळमळ नॉर्मल आहे ना?’ हो ग बाई. नवव्या आठवड्याच्या आसपास जोर असतो, पुढे बहुतेकींची उतरते. उशाशी कोरडी खारी ठेव, उठण्याआधी खा, थोडं थोडं खा, आलेपाक चघळ.

आणि एका मंगळवारी मेसेज आला, ‘आज मळमळलं नाही. मला खूप भीती वाटतेय.’

इथे मी हात टेकले. पाहुणा आला नाही म्हणून घोर, आला म्हणून जाच, आणि एक दिवस बाहेर जेवायला गेला तर पोलिसात बेपत्ता असल्याची तक्रार! बुधवारी पाहुणा परत आला. उलटी झाल्याचं इतक्या आनंदाने कळवणारी बाई मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

या सगळ्यात तेल ओतत होतं ते तिच्या फोनमधलं ॲप. बाळ केवढं झालंय हे ते दर आठवड्याला फळं-धान्यं दाखवून सांगतं. सहाव्या आठवड्यात त्याने सांगितलं, मसुराच्या दाण्याएवढं. आता ही मुलगी साताऱ्याची. कराडकडच्या ढाब्यांवर तर्रीचा अख्खा मसूर ओरपत मोठी झालेली. तिने घरात मसूर शिजवणं बंद केलं. ‘ते खाववत नाही ग, कसंतरीच वाटतं.’ पुढच्या आठवड्यात ब्लूबेरी. ती मी आयुष्यात खाल्लेली नाही. म्हटलं, करवंद समज. मग राजमा गेला, मग द्राक्षं गेली. आईला बातमी नसल्याने पपई-अननसाची बंदी अजून यायची होती, तोवर ॲपनेच स्वयंपाकघर रिकामं करत आणलं. शेवटी मी विचारलं, ‘चाळिसाव्या आठवड्यात ते कलिंगड म्हणणार. तेव्हा भर उन्हाळा असला तरी उपाशी राहणार का?’

मधूनच ओटीपोटात पाळीसारखं दुखायचं. गर्भाशय वाढतं, त्याचे बंध ताणले जातात, हे डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून सांगितलं होतं. शिवाय या दिवसांत आतडीही सरकारी कचेरीसारखी सावकाश चालतात. तिने दुखण्याची वेळ, बाजू आणि जोर यांचा तक्ता केला होता. तो मी नीट वाचला. त्यातलं निम्मं दुखणं बाळाचं नसून आदल्या दिवशीच्या वाटाण्याच्या उसळीचं होतं.

डॉक्टरीणबाई मात्र बिलंदर. असल्या शेकडो पहिलटकरणी त्यांनी पचवलेल्या. त्यांनी एका चिठ्ठीवर मोजून सहा ओळी लिहून दिल्या. भरपूर रक्त जाणं, एका बाजूला असह्य कळ, चक्कर येऊन पडणं, ताप, घोटभर पाणीही पोटात न टिकणं, लघवीला जळजळ. खाली लिहिलं, ‘यांपैकी काही झालं तर मध्यरात्रीही फोन करा. हलका डाग दिसला तर त्याच दिवशी कळवा. घाबरू नका, चौघींत एकीला दिसतो. बाकी सगळं सकाळी अकरानंतर.’ चिठ्ठी फ्रिजवर चिकटली. त्या चिठ्ठीचा गुण आला, पण अर्धाच. डॉक्टरांना जाणारे रात्रीचे फोन बंद झाले. ते माझ्याकडे वळले.

सातव्या आठवड्यात सोनोग्राफी. ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी सतरा वेळा वाचून झाल्यावर नंबर लागला. पडद्यावर एवढासा ठिपका लुकलुकताना दिसला आणि ही रडली, जावईबापू रडले. बाहेर आल्यावर मला फोन. मी पण पदर शोधत होते. तेवढ्यात पलीकडून आवाज आला, ‘मावशी, ठोके १४५ आहेत. माझे ७८. हे नॉर्मल आहे ना?’

‘आमच्या वेळी नव्हती असली थेरं’ हे वाक्य माझ्या जिभेवर कितीदा तरी आलं. खरं सांगायचं, तर थेरं होती. १९८९ साली पर्समध्ये लिंबू ठेवून मी डोंबिवलीहून लोकलने फोर्टला जात होते. तिसऱ्या महिन्यात एकदा चार दिवस ओटीपोटात दुखलं. सासूबाईंना सांगितलं असतं तर नोकरी सुटली असती, नवऱ्याला सांगितलं असतं तर त्याने सासूबाईंना सांगितलं असतं. मी नोटा मोजत राहिले. शंभराचं एकेक बंडल तीनतीनदा मोजलं. काळजी तेव्हाही एवढीच होती. फक्त सव्वादोनला मेसेज करायला कुणी नव्हतं.

आणि रिवाज बघा कसा. तीन महिने कुणाला सांगायचं नाही. ज्या दिवसांत अंगाला रोज नवा चाळा सुचतो, नेमक्या त्याच दिवसांत तोंड मिटून बसायचं. ऑफिसात हिने सगळ्यांना ॲसिडिटी सांगितली होती. एका सहकाऱ्याने कळवळून पोटविकारतज्ज्ञाचा नंबर दिला, दुसऱ्याने घरचं आवळ्याचं चूर्ण आणलं. तासातासाला बाथरूमला जाते म्हणून मॅनेजरला वाटलं, ही दुसऱ्या कंपनीचे इंटरव्ह्यू देतेय. उत्तरं तिला ॲपमध्ये मिळत होतीच, माझ्यापेक्षा बरोबर मिळत होती. तिला हवं होतं ते उत्तर देताना जांभई देणारं माणूस. मावशी जांभई देते म्हणजे गंभीर काही नाही, हे तिचं निदान.

बारावा आठवडा उजाडला. बाळ लिंबाएवढं झालं. आईला सांगितलं. आई पुढच्या एसटीने, पिशवी घेऊन, डोळे पुसत आली. पपई बंद झाली. चोरओटीला मीही वाकडला गेले. ओटी भरून घरी परतले.

चौदाव्या आठवड्यातली गोष्ट. रात्री आपोआप जाग आली. फोन बघितला, दोन वीस. मेसेज नव्हता. पाणी प्यायले. अडीच वाजले. मेसेज नाही. काल आला होता का? नव्हता. परवा? परवाही नव्हता. चष्मा लावला, आवाज बंद नाही ना बघितलं, वायफाय तपासलं. मग राहवेना, म्हणून टाइप केलं, ‘अग, तीन दिवसांत तुझा एकही मेसेज नाही. हे नॉर्मल आहे ना?’

उत्तर सकाळी अकरानंतर आलं. फोटो होता. मोठ्या वाडग्यात अख्खा मसूर, वर लाल तर्री, बाजूला पिळलेलं लिंबू. खाली दोनच शब्द होते, ‘दुसरा वाडगा.’