सी विभागातून सप्रेम नमस्कार

प्रति,
ब्लू-रे डिस्कसाठी जगाचे ए, बी आणि सी असे तीन तुकडे पाडणारे माननीय समिती सदस्य
(पत्ता ठाऊक नसल्याने पत्र खुले ठेवले आहे.)

विषय : सी विभागातील एका ग्राहकाकडून जाहीर आभार.
संदर्भ : प्रत्येक सिनेमाआधी आपण दाखवता ती कायदेशीर ताकीद, जी रिमोटने पुढे सरकत नाही.

महोदय,

सा. न. वि. वि.

२००६ साली ब्लू-रे बाजारात आली, तेव्हा आपण जगाचा नकाशा पुढ्यात घेतलात. अमेरिका आणि जपान यांना एका पंगतीला बसवलेत, ती ए. युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि आखाती देश बी. उरलेले आम्ही सी : रशिया, चीन, मध्य आशिया आणि भारतीय उपखंड. डीव्हीडीच्या जमान्यात आम्ही पाचव्या विभागात होतो आणि चीनची चूल सहाव्यात वेगळी होती. मुत्सद्द्यांना इतक्या वर्षांत जमले नाही ते आपण एका बैठकीत केलेत. भारत, पाकिस्तान आणि चीन एका छपराखाली आले. शांततेचे पारितोषिक अद्याप आपल्याला कसे मिळाले नाही, याचे नवल वाटते.

पदार्थविज्ञानाचे पारितोषिक मात्र शेजारच्या खोलीत पोचले. निळा प्रकाश देणाऱ्या डायोडसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. त्याच वाटेने पुढे जाऊन ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा लेसर हाती आला. डीव्हीडीचा तांबडा लेसर ६५० नॅनोमीटरचा. लेसर बारीक झाला, खुणा बारीक झाल्या आणि त्याच आकाराच्या डिस्कमध्ये एका थरात ४.७ ऐवजी २५ जीबी मावू लागले. माहितीचा थर पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटरवर आला, म्हणून वर ओरखडे सोसणारा कडक लेप चढवावा लागला. इंजिनिअरांनी इतके सगळे केले. मग आपली बैठक झाली.

आमचे कुटुंब आपल्या नकाशावर फार शोभून दिसते. भाचा न्यू जर्सीत, म्हणजे ए. मेव्हणे दुबईत, म्हणजे बी. आम्ही ठाण्यात, सी. पूर्वी परदेशातून येणाऱ्याने काय आणावे याची यादी सोपी असे : चॉकलेट, परफ्यूम, घड्याळ. आता मेव्हण्यांनी प्रेमाने आणलेली डिस्क आमच्या प्लेअरमध्ये घातली की पडद्यावर सूचना येते, ही डिस्क आपल्या विभागासाठी नाही. मेव्हणे आमच्यासाठी आहेत, डिस्क नाही. भाच्याचा अख्खा प्लेअरच उचलून आणावा, तर तो १२० व्होल्टवर चालणारा निघण्याची धास्ती. इथल्या २३० व्होल्टला तो लावला तर सिनेमा एकदाच होईल, आणि तोही धुराचा.

डीव्हीडीच्या वेळी निदान दुकानदार दयाळू होते. रिमोटवर चार आकडे दाबले की पुष्कळ प्लेअर साऱ्या विभागांशी गुण्यागोविंदाने वागत. ब्लू-रेमध्ये आपण ती पळवाट बुजवलीत. बहुतेक प्लेअर आतून फेरफार केल्याशिवाय वळत नाहीत, आणि फेरफार केला की वॉरंटीला रामराम.

आपल्या दूरदृष्टीचा कळस मला ‘पथेर पांचाली’त दिसला. सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या लॅबमधल्या आगीत होरपळल्या. त्या जळक्या फिती बोलोन्यातल्या कारागिरांनी हाताने दुरुस्त केल्या, नव्या स्कॅनमधून सिनेमा पुन्हा उभा केला आणि २०१५ साली अमेरिकेच्या क्रायटेरियनने त्याची ब्लू-रे काढली. ती विभाग ए ची. म्हणजे बंगालच्या खेड्यातला अपू ओहायोत दिसेल, ओसाकात दिसेल, आणि कोलकात्यात रीतसर विकत घेतलेल्या प्लेअरमध्ये दिसणार नाही. आगीतून वाचला आणि आपल्या नाक्यावर अडकला. आमच्या मुंबईतली जकात २०१७ साली उठली. आपला नाका अजून सुरू आहे.

‘मग फोर-के घ्या की,’ असे आपण म्हणाल. खरे आहे. २०१६ मध्ये आलेल्या अल्ट्रा एचडी ब्लू-रेला विभागच नाहीत. दहा वर्षे जी भिंत अत्यावश्यक होती तिच्यावाचून फोर-केचे काहीही अडले नाही, ही कबुली आपण किती शांतपणे दिलीत! मात्र तोच फोर-के प्लेअर जुनी ब्लू-रे वाजवताना पुन्हा विभाग तपासतो. परदेशी खोक्यात दोन डिस्क येतात, एक फोर-के आणि एक साधी. पहिली आपल्याला आपले मानते, दुसरी ओळख देत नाही. म्हणून प्लेअर घेणाऱ्याला मी एवढेच सांगतो, टीव्ही फोर-के असेल तर प्लेअरही फोर-केच घ्या आणि परदेशी साधी डिस्क घेताना खोक्याच्या पाठीवरचे बारीक अक्षर चष्मा लावून वाचा. कुलूप नसलेल्या डिस्कही असतात.

कुलपांवरून आठवले. ही सगळी तटबंदी चोरांसाठी होती ना? २००७ साली, डिस्क बाजारात येऊन वर्ष होते न होते तोच, आपल्या कुलपाची ३२ अक्षरी किल्ली जगभर फिरत होती. वकिलांच्या नोटिसा निघाल्या, तशी ती लोकांनी टी-शर्टवर छापली, गाण्यात गुंफून म्हटली. तेव्हापासून चोराकडचा सिनेमा थेट पहिल्या दृश्यापासून सुरू होतो. ज्याने पैसे मोजले त्याला आधी चोरी हा गुन्हा असल्याचे दोन-तीन भाषांत ऐकावे लागते, मग हलत्या मेनूची वाट पाहावी लागते आणि एखादी नवी डिस्क असेल तर ‘आधी प्लेअरचे सॉफ्टवेअर अद्ययावत करा’ ही आज्ञाही पाळावी लागते. पाहुणे तोवर पोहे संपवतात.

तरीही मी हा प्लेअर का जपतो, हे सांगितले नाही तर आपला उगाच गैरसमज होईल. काळोख्या रात्रीचे दृश्य एकदा डिस्कवर आणि एकदा ओटीटीवर पाहा. ओटीटीवर अंधाराचे पट्टे पडतात, धुके ठोकळ्यांत फुटते. कारण साधे आहे : नेटफ्लिक्स फोर-केसाठी सेकंदाला १५ मेगाबिट पुरेत म्हणते, तर अल्ट्रा एचडी डिस्क १२८ पर्यंत जाऊ शकते. शिवाय करार संपला म्हणून रात्रीतून कपाटातला सिनेमा नाहीसा होत नाही.

पण ही चैन खोक्यातून काढल्याबरोबर मिळत नाही, तीही आपण मेनूच्या तळघरात ठेवली आहे. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा, म्हणून प्लेअरमध्ये २४पी चालू करावे. आणि टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी, नाहीतर देमार सिनेमाही दुपारच्या मालिकेसारखा दिसतो. ‘सेकंडरी ऑडिओ’ नावाचे एक बटण असते. ते चालू राहिले की होम थिएटरला मूळ, न कापलेला आवाज पोचतच नाही आणि लोक वर्षानुवर्षे स्पीकरला दोष देत बसतात. हा आवाज टीव्हीतून फिरवून पाठवायचा असेल तर दोन्ही टोकांना ईआर्क नावाची एचडीएमआय जोडणी हवी, साध्या आर्कमधून तो जात नाही. मधला ॲम्प्लिफायर जुना असेल तर फोर-केच्या वेळी पडदा काळा. तिथे दोष कोणाचाच नसतो, दोन उपकरणांना एकमेकांची ओळख पटलेली नसते, एवढेच. हे सारे पुस्तिकेत आहे म्हणे. पुस्तिका मात्र सुरक्षिततेच्या सूचनांनीच फुगलेली असते.

आता मुद्द्याची विनंती. ओप्पोने २०१८ साली या धंद्यातून अंग काढून घेतले, २०१९ साली सॅमसंगने अमेरिकेत नवे प्लेअर आणणे थांबवले. इकडे मुंबईत काळाघोड्याचे ऱ्हिदम हाउस हे गाण्या-सिनेमांचे दुकान २०१६ मध्येच बंद झाले. पहारा द्यायला आपण ठेवलेली शिबंदीच पांगते आहे, आणि कुलपे मात्र सुस्थितीत आहेत. उरलेल्या कारखान्यांनी दुकान गुंडाळण्याआधी एक शेवटचे अपडेट काढावे आणि सर्व प्लेअरांवरचा विभाग काढून टाकावा. खर्च फारसा नाही. चोरांची त्यास हरकत नसावी. त्यांना काही फरक पडत नाही.

कळावे, लोभ आहेच, तो तिन्ही विभागांत सारखाच राहावा.

आपला,
सी विभागातील एक रीतसर ग्राहक

ता. क. : भाचा डिसेंबरात येतो आहे. काय आणू, असे विचारत होता. फक्त फोर-के डिस्क आण, असे कळवले आहे. आपली काही हरकत असल्यास उलट टपाली कळवावे.