साग आणि बाकीची मंडळी

लाकडाच्या वखारीत शिरलेला मराठी माणूस आधी फळीवर बोटाच्या पेराने टकटक करतो आणि मग विचारतो, "साग आहे ना?" टकटक करून काय कळलं, हे त्याला कुणी विचारत नाही. वखारवाला सभ्य असतो. भाव घनफुटावर असतो.

सागाचा हा रुबाब फुकटचा नाही. त्याच्या अंगात तेल असतं, म्हणून वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. ऊन-पावसात तो फारसा फुगत नाही, आखडत नाही. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी लाकूड गेलं तेही आपल्या बल्लारपूरच्या डेपोतून. पण ही सगळी पुण्याई गाभ्याची. फळीच्या कडेला पांढुरकी पट्टी दिसते, तो सालीलगतचा कच्चा भाग. वाळवीला तो इतर कुठल्याही लाकडाइतकाच रुचतो. कोवळ्या वयात तोडलेल्या झाडात ही पट्टी रुंद असते. पॉलिश चढलं की कड आणि गाभा एकाच घराण्यातले दिसू लागतात, म्हणून जे काय निरखायचं ते पॉलिशच्या आधी.

जुन्या कोकणी घरांत असा एकट्या सागाचा हट्ट नव्हता. झाडांना कामं वाटून दिलेली असत. तुळयांना जड, दणकट ऐन. दारा-फळ्यांना परसातला फणस. रंधा मारल्यावर हळदीसारखा पिवळा, पुढे वर्षागणिक तांबूस-तपकिरी होत जाणारा. हलक्या पेट्यांना शिवण, कारण ती पीळ घेत नाही. घाटावर गाडीच्या चाकाला आणि नांगराला बाभूळ. नांगराला शिसव लावायचं कुणाच्या मनात आलं नाही आणि बाभळीनेही कधी दिवाणखान्यात जायचा आग्रह धरला नाही.

शिवाय लाकूड तोडलं, सुकवलं, तरी पावसाळा विसरत नाही. आषाढात फळी रुंदीला फुगते, लांबीला जवळजवळ नाही. म्हणून जाणता सुतार दाराचं पॅनेल चौकटीच्या खाचेत सैल बसवतो, तिथे सरस लावत नाही. हौशी मालकाला मात्र ती फट खुपते. तो ती चिकटवून घेतो आणि उन्हाळ्यात फळी मधोमध तडकली की म्हणतो, "हल्ली लाकूडच चांगलं मिळत नाही."

एवढं सगळं ठाऊक असूनही लिहायचं टेबल करायची वेळ आली तेव्हा मी मिस्त्रींना सागच सांगितला. ते म्हणाले, "साहेब, आंब्याचं करू या. स्वस्त पडेल."

"आंब्याला भुंगा लागतो ना?"

"लागतो की. पण तुम्ही किती वर्षं लिहिणार?"

टेबल फणसाचं केलं. साग परवडत नव्हता, आणि आंब्याला हो म्हणणं म्हणजे मिस्त्रींचा अंदाज मान्य करणं होतं.