पिवळं ते सोनं

लघवी पिवळीजर्द झाली म्हणजे अर्धशिशीचं विष अंगातून बाहेर पडायला लागलं, हे आता शास्त्रानं सिद्ध झालं आहे. शास्त्र म्हणजे आमच्या सोसायटीतले वेलनेस कोच काका. निवृत्तीनंतर काही जण भजनाला लागतात, काही जण डब्या विकायला. काका दुसऱ्या गटातले. त्यांची 'शंभर टक्के नैसर्गिक' डबी घेणाऱ्यांना डोकं कसं आहे, असं ते कधी विचारत नाहीत. लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, सत्यनारायणाच्या प्रसादाच्या रांगेत प्रश्न एकच : "वहिनी, पिवळी झाली का?" वहिनी इकडेतिकडे बघत मान हलवतात. "मग लागू पडतंय!"

ही सगळी करामत बी-२ जीवनसत्त्वाची, म्हणजे रायबोफ्लेविनची. शरीराला ते दिवसाला दोन-तीन मिलिग्रॅम पुरतं. वरचं मूत्रपिंडं बाहेर टाकतात, आणि ते जात्याच पिवळं असतं. बाहेर पडतंय ते विष नव्हे, आपणच पैसे मोजून आणलेली काकांची डबी आहे. अँटिबायोटिकच्या जोडीला डॉक्टर बी-कॉम्प्लेक्स लिहून देतात, त्यानंही हाच रंग येतो; त्या हिशेबानं घसा सुजलेल्या निम्म्या महाराष्ट्राची अर्धशिशी एव्हाना पळायला हवी होती. पण रंग हाच पुरावा ठरला की माणसाला आवरणं कठीण. तिसऱ्या मजल्यावर फिकट आली म्हणून डोस दुप्पट झाला. पाचव्यावर थेट केशरी झाल्याचं कळलं, तेव्हा ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. त्या बिचाऱ्या दिवसभर उन्हात हिंडल्या होत्या आणि पाणी प्यायला विसरल्या होत्या. डबीतल्या मॅग्नेशियमनं कुणाला जुलाब झाले, तर तेही विषच. जिथून जे निघेल ते विष.

गंमत म्हणजे बी-२ अगदीच निराधार नाही. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या, ५५ रुग्णांवरच्या एका चाचणीत रोज ४०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी ५९ टक्के लोकांचे डोकेदुखीचे दिवस तीन महिन्यांत निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत १५ टक्क्यांचे. चाचणी लहान, पण रीतसर. काकांच्या डबीवर भिंग धरलं तर आकडा दिसतो १० मिलिग्रॅम. रंगाला तेवढे पुरतात. डोक्याचं कुणी विचारलेलंच नाही. शेजारीच 'औषधी वापरासाठी नाही' असंही छापलंय, कारण कायद्यानं छापावंच लागतं.

अर्धशिशी बायकांना पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट. खिडकीला चादर लावून पडलेल्या बाईला घरचे आधी म्हणतात टेन्शन घेऊ नकोस, मग पित्त झालंय, मग मोबाइल बघणं कमी कर. आणि संध्याकाळी कुकर तिनंच लावायचा. वर्षानुवर्षं तिला कुणी डॉक्टरकडे नेत नाही. झटका येऊच नये म्हणून रोज घ्यायची औषधं असतात, हे तिच्या कानावर कधी पडलेलं नसतं. ती मेडिकलमधून पट्ट्यांमागून पट्ट्या आणते, आणि महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस वेदनाशामक गिळलं की त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं. अशा बाईची रोज आपुलकीनं चौकशी करणारा पहिला माणूस डबी विकणारा असावा, याची लाज तिच्या घरच्यांना वाटत नाही, म्हणून मला वाटते. या माणसाचा पहिला सल्ला काय, तर डॉक्टरांची गोळी बंद करा, केमिकल असतं! आणि तुमचं बी-२ काय झाडाला लागतं, काका? कारखान्यातल्या टाक्यांत सूक्ष्मजीवांकडून करवून घेतात ते.

आता डबीची 'गोल्ड' आवृत्ती आली आहे. तिच्यात बटरबर नावाची वनस्पती आहे. अर्धशिशीवर ती गाजली होती खरी, पण तिच्यातली विषारी द्रव्यं नीट काढली नाहीत तर यकृताचं वाटोळं होऊ शकतं. वनस्पतीच ती, त्यामुळे यकृत जाईल तेही शंभर टक्के नैसर्गिकरीत्या. मग पिवळेपणा खालीच थांबणार नाही, डोळ्यांत उतरेल. काका लिफ्टमध्ये निरखून बघतील आणि म्हणतील, "वा वहिनी, वरपर्यंत पोचलं की!"