होल्डरात दोन, पंगतीत लाखो

विवेकानंद जयंतीला बुलढाणा जिल्ह्यातल्या हिवरा आश्रमाच्या शेतात लाखोंची पंगत बसते. पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरमधून येते, आणि ट्रॅक्टर दिसला रे दिसला की मोबाइल उगारले जातात. पुढाऱ्यांचं वाढणंही फोटोपुरतंच. क्लिक झालं की झारा मागच्याच्या हाती.

अशा गर्दीत एखाद्या हौशाने शीट फिल्मचा कॅमेरा आणायलाच हवा. 4 बाय 5 इंची कलर निगेटिव्ह, डब्यात शीट मोजून 10 आणि होल्डरात जेमतेम 2, पुढे एक, मागे एक. काळ्या कापडात डोकं खुपसून तो घासलेल्या काचेवर फोकस जुळवणार. काचेवर सगळं उलटं: ट्रॅक्टरची चाकं आभाळात, पुढारी डोक्यावर. कापड उचलून कुणीतरी डोकावणारच, "काहो भाऊ, ट्रॅक्टर पलटी झाला का?"

पुढाऱ्याला मात्र झारा धरून ताटकळत उभं राहावं लागेल. तेवढ्या वेळात निदान एक ओळ तरी त्याच्या हातून वाढून होईल. प्रकाश थोडा जास्त पडला तर ही फिल्म सांभाळून घेते. कमी पडला की सावल्या गढूळ. पुढाऱ्यांना सोयीचाच स्वभाव!

राहिलं धुणं. डेव्हलपर 37.8 अंशांवर हवा, वेळ 3 मिनिटं 15 सेकंद. जयंती थंडीत येते, म्हणून पाणी तापवावं लागेल. मे महिन्यात तो खर्च नाही; तेव्हा बुलढाण्यात टाकीतलं पाणी आयतं तापलेलं असतं, टाकीत पाणी असलं तर.