भुकूमच्या नियोजित छायाचित्रकार मंडळास खुले पत्र

प्रति,
भुकूम व पंचक्रोशीतील हौशी छायाचित्रकारांचे नियोजित मंडळ,
तालुका मुळशी, जिल्हा पुणे.

विषय : सामूहिक छायाचित्र प्रदर्शन भरवण्याची रूढ पद्धत.



अनेकांनी काढलेली छायाचित्रे एकाच वेळी, एकाच जागी, पदरचे पैसे घालून लोकांना दाखवणे याला सामूहिक छायाचित्र प्रदर्शन म्हणतात. त्याचे टप्पे ठरलेले आहेत. आधी मंडळ, मग मंडळाचे नाव, बोधचिन्ह, तारीख, प्रमुख पाहुणे, जागा आणि फ्लेक्स. छायाचित्रांचा क्रमांक त्यानंतर लागतो. पुढील विवेचन साधारण याच क्रमाने केले आहे.

या उपक्रमाला मोठी परंपरा आहे. दागेरच्या छायाचित्रण पद्धतीची माहिती फ्रेंच सरकारने १९ ऑगस्ट १८३९ रोजी जगासाठी खुली केली आणि त्यानंतर १५ वर्षांनी, १८५४ मध्ये, फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या आरंभीच्या हिंदी सदस्यांपैकी होते. पुढे १९३७ मध्ये मुंबईतच फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया निघाली. हौशी माणसांनी एकत्र यावे, एकमेकांची छायाचित्रे पाहावीत, त्यांतले दोष काढावेत आणि चांगली निवडून लोकांपुढे मांडावीत, हा अशा संस्थांचा मूळ हेतू. यातले एकत्र येणे आजही टिकून आहे.

पहिला टप्पा मंडळाचा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार संस्था स्थापण्यास किमान सात व्यक्ती लागतात. बारा छायाचित्रकार जमले की अध्यक्ष, कार्याध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार, प्रसिद्धिप्रमुख आणि तीन सल्लागार असे अकरा जण मार्गी लागतात. उरलेल्या बाराव्याला कार्यकर्ता म्हणतात. शिडी, हातोडी आणि खिळे त्याच्या ताब्यात असतात. प्रदर्शन भरते ते त्याच्यामुळे. निमंत्रणपत्रिकेत त्याचे नाव ‘आणि सर्व सदस्य’ या शब्दांत समाविष्ट असते.

तारीख निवडताना १९ ऑगस्ट, म्हणजे जागतिक छायाचित्रण दिन, हमखास निवडला जातो. फ्रेंच सरकारने ती तारीख धरली तेव्हा मुळशीच्या पावसाचा विचार केलेला नव्हता. ऑगस्टात या पट्ट्यात भिंतींना ओल येते आणि कागद हवेतला ओलावा शोषून फुगतो. सनबोर्डवर चिकटवलेल्या प्रिंटचे कोपरे दुसऱ्या दिवशी सुटतात, तर काचेच्या आतल्या माउंटवर बुरशीचे ठिपके उमटण्याची भीती असते. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी असते, भातकापणी उरकलेली असते आणि गावाला वेळ असतो. मात्र त्या काळात कोणताही जागतिक दिन जुळवता येत नसल्याने मंडळे तो सहसा टाळतात.

जागेबाबत दोन मते पडतात. पहिल्या मतानुसार प्रदर्शन पुण्यातच हवे. बालगंधर्व रंगमंदिराला १९६८ पासूनचा लौकिक आणि स्वतःचे कलादालन आहे. नाटकाला आलेले लोक तिथे सहज डोकावतात. मुंबईत १९५२ पासून जहांगीर कलादालन आहे आणि तारखेसाठी वाट पाहण्याची तयारी असलेल्यांना ते मोकळे आहे. दुसरे मत भुकूमचे. चांदणी चौकातून पौडकडे निघाल्यावर बावधन आणि भूगाव ओलांडले की रस्त्यालगत भुकूम लागते. या रस्त्यावर कलादालन शोधावे लागते, मंगल कार्यालय शोधावे लागत नाही. मुहूर्त नसलेल्या दिवशी त्याचे भाडेही उतरते. तिथल्या भिंती लग्नासाठी बांधलेल्या असल्याने त्यांत दारे, खिडक्या, आरसे आणि पंख्यांची बटणे यांना प्राधान्य असते.

म्हणून भिंतीचे गणित आधी करावे लागते. अठरा इंच रुंदीचे चित्र आणि दोन चित्रांमध्ये बारा इंच मोकळी जागा धरली, तर एका चित्राला अडीच फूट भिंत लागते. चाळीस चित्रांना शंभर फूट. साठ फूट लांब, चाळीस फूट रुंद सभागृहाचा परीघ दोनशे फूट भरतो. त्यातून व्यासपीठ, दारे आणि खिडक्या वजा केल्या की शंभर फूट जेमतेम उरतात. मंडळाकडे या वेळेपर्यंत एकशे वीस चित्रे जमलेली असतात. हा आकडा भिंतीला विचारून काढलेला नसतो. प्रत्येकी दहा, गुणिले बारा, असा तो आलेला असतो.

येथून निवडीचा टप्पा सुरू होतो आणि बहुतेक ठिकाणी येथेच संपतो. निवडीचा जगप्रसिद्ध दाखला ‘द फॅमिली ऑफ मॅन’चा आहे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये १९५५ साली भरलेल्या या प्रदर्शनासाठी एडवर्ड स्टायकेन आणि त्यांच्या सहाय्यकांनी लाखो छायाचित्रे चाळली आणि ६८ देशांतली, २७३ छायाचित्रकारांची ५०३ चित्रे भिंतीवर लावली. स्टायकेन यांच्यापुढची अडचण तुलनेने सोपी होती. नाकारलेले छायाचित्रकार त्यांना रोज सकाळी दुधाच्या दुकानात भेटणार नव्हते.

स्वयंसेवी मंडळात वर्गणी समान असते, त्यामुळे चित्रेही समान, हा न्याय लागू होतो. प्रत्येकाची तीन चित्रे लागतात. ज्याच्याकडे आठ उत्तम आहेत त्याची पाच घरी राहतात आणि ज्याच्याकडे एक बरे आहे त्याची आणखी दोन शोधून काढली जातात. यावरचा उपाय जुना आहे आणि कोणाच्याही खिशाला त्याची तोशीस नाही. चित्रांवरची नावे झाकावीत, मंडळाबाहेरच्या दोन-तीन जाणत्यांना बोलवावे, विषय आधी एका वाक्यात लिहून द्यावा आणि त्यांचा निर्णय अखेरचा मानावा. त्यातून एखाद्या सदस्याचे एकही चित्र लागत नाही, हा या उपायाचा दोष मानला जातो. प्रदर्शन पाहण्यासारखे होते, हा त्याचा दुष्परिणाम.

विषयाचे वाक्य लिहिणे कठीण असते. ‘निसर्ग आणि मानव’ या शीर्षकाखाली जगातले कोणतेही छायाचित्र बसते, म्हणून ते लोकप्रिय आहे. भुकूमला मात्र विषय दाराशी आहे. रामनदी जवळच्या खाटपेवाडी परिसरात उगम पावते आणि भूगाव, बावधन, पाषाण करत औंधजवळ मुळेला मिळते. उगमापासून संगमापर्यंत तिचे पाणी, काठ आणि रंग कसे बदलतात, हे वीस चित्रांत दाखवता येते. शेजारी-शेजारी उभे असलेले भातखाचर आणि गृहप्रकल्पाचा फलक, हा दुसरा विषय. हे विषय मागे पडतात, कारण सदस्यांची उत्तम छायाचित्रे लडाखची असतात.

छपाईच्या टप्प्यावर अंकगणित पुन्हा उपयोगी पडते. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून ६००० बाय ४००० पिक्सेलचे चित्र मिळते. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर ते २० बाय १३ इंचांपर्यंत स्वच्छ छापता येते. १८ बाय १२ चा प्रचलित आकार त्यात आरामात बसतो. तेच चित्र व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या पद्धतीने पाठवले की त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते आणि प्रिंट पोस्टकार्डाएवढीच निभावते. मूळ फाइल पाठवण्याची सूचना मंडळाच्या गटावर तीनदा दिली जाते, आणि सदस्य मूळ फाइल त्याच गटावर टाकतात.

मोबाइलच्या चित्राचे प्रमाण बहुधा चारास तीन असते, तर १८ बाय १२ चे तिनास दोन. आडवे चित्र कागदभर पसरायचे तर त्याची उंची साडेतेरा इंच होते आणि दीड इंच कापावा लागतो. हे काम छपाईवाल्यावर सोपवले की शेतकऱ्याचा फेटा जातो. शिवाय घरातल्या झगझगीत पडद्यावर सुधारलेले चित्र छापल्यावर काळवंडते. म्हणून आधी एक-दोन नमुना प्रिंट काढून त्या सभागृहाच्या उजेडात पाहाव्यात. चाळीस प्रिंट एकदम काढून त्या उद्घाटनाच्या आदल्या रात्री पाहणे ही प्रचलित पद्धत होय.

चित्राखालच्या ओळींत मंडळाची साहित्यिक बाजू प्रकट होते. ‘वात्सल्य’, ‘श्रमदेवता’, ‘सांजरंग’ आणि ‘एकांत’ ही चार शीर्षके असली की कोणतेही प्रदर्शन पार पडते. स्थळ, तारीख आणि चित्रातल्या माणसाचे नाव यांना जागा उरत नाही. मुळशीच्या जलाशयावरचा सूर्यास्त हे या तालुक्यातले बहुधा सर्वांत सुलभ छायाचित्र असावे आणि त्याचे शीर्षक ‘शांतता’ असते. त्या पाण्याखाली गावे आणि भातशेती गेली आहे. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी बांधल्या जाणाऱ्या त्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट यांना ‘सेनापती’ हे नाव त्याच लढ्याने दिले. शीर्षकात ‘शांतता’ ठेवून खाली एवढी माहिती दोन ओळींत छापली, तर प्रेक्षक त्या सूर्यास्तापुढे जास्त वेळ थांबेल. त्यामुळे मागची रांग खोळंबते, ही अडचण आहे.

मांडणीचा नियम असा की, चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेच्या पातळीत यावा. प्रेक्षकांत जिल्हा परिषद शाळेची मुले असतील तर काही चित्रे त्याहून खाली हवीत. मंगल कार्यालयात खिळे मारू देत नाहीत, म्हणून चित्रे तंगुसाने टांगावी लागतात. एकाच दोऱ्यावरचे चित्र कालांतराने तिरके होते, दोन दोऱ्यांवरचे सरळ राहते. दिवा चित्रावर तिरपा पडावा. समोरच्या ट्यूबलाइटने काच चमकते आणि प्रेक्षकाला चित्रापेक्षा स्वतःचा चेहरा स्पष्ट दिसतो. सेल्फीच्या काळात याबद्दल तक्रार आल्याचे ऐकिवात नाही.

उद्घाटन हा सोहळ्याचा गाभा. खुर्च्या व्यासपीठाकडे तोंड करून मांडल्या जातात, त्यामुळे दीड तास चित्रांकडे प्रेक्षकांची पाठ राहते. प्रमुख पाहुणे पौड रस्त्यावरच्या वाहतुकीत असतात आणि ते निघाले असल्याचे दर दहा मिनिटांनी जाहीर होते. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, मनोगत आणि आभार यांत प्रत्येक पदाधिकाऱ्याचा वाटा असतो. बाराही सदस्य एकमेकांची छायाचित्रे काढतात. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या गटावर तीच फिरतात आणि संख्येने ती प्रदर्शनातल्या चित्रांहून अधिक भरतात. पाहुण्यांना सभागृहात फिरवून चित्रे दाखवण्यासाठी सात मिनिटे राखलेली असतात. उशीर झाल्याने ती तीन होतात.

उद्घाटनानंतरच्या दोन दिवसांत सभागृहात कोणीतरी बसणे आवश्यक असते. पाळ्यांचा तक्ता आधीच तयार असतो. त्यातल्या सर्व पाळ्या कार्यकर्ता करतो. दाराशी अभिप्रायवही ठेवलेली असते आणि तीत ‘छान’, ‘खूप छान’, ‘अप्रतिम’ अशी चढती भाजणी आढळते. एखाद्याने ‘हे भातखाचर आमचे आहे’ असे लिहिले तर तो अभिप्राय कोणत्या प्रकारात धरावा, याचा निर्णय होत नाही.

हक्कांचा विषय बैठकीत शेवटी येतो आणि चहा आल्यावर तहकूब होतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. मात्र कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ते काढून घेणारा असतो. लग्नाच्या सुपारीत काढलेली नवरीची सुंदर मुद्रा प्रदर्शनात लावण्यापूर्वी तिच्या घरच्यांना विचारावे लागते ते यासाठी. चित्रातल्या इतरांना विचारण्याची सक्ती कायद्यात शोधावी लागेल. रीतीत ती आहे. भात लावणाऱ्या बाईंचे घर मंगल कार्यालयापासून चालत जाण्याइतके जवळ असते. त्यांना निमंत्रणपत्रिका गेलेली नसते, कारण पत्रिका पुण्याला गेलेल्या असतात.

समारोपानंतर चित्रे उतरवली जातात. त्या संध्याकाळी पदाधिकाऱ्यांना दुसरी कामे निघतात. विकली न गेलेली चित्रे, म्हणजे साधारणपणे सर्व, सचिवांच्या माळ्यावर जातात आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथे सुखरूप असतात. त्याऐवजी काही चित्रे शाळेच्या वऱ्हांड्यात लावता येतात, काही ज्यांची आहेत त्यांच्या घरी पोचवता येतात आणि नदीची चित्रे तारखांसह ग्रामपंचायतीकडे देता येतात. वीस वर्षांनी ती नदी कशी होती हे सांगायला त्यांचा उपयोग होईल. या कामाला पद लागत नाही, म्हणून ते आजवर कोणत्याही कार्यकारिणीत नेमून दिलेले नाही.

शेवटचे काम हिशेबाचे. भाडे, छपाई, फ्रेम, फ्लेक्स, शाली, चहा अशा पावत्या लावल्या की फ्लेक्स आणि शालींचा खर्च अनेकदा छपाईच्या जवळपास जातो. खिळे मारायचे नाहीत हे ठरलेले असूनही भिंतीला दोन-चार भोके निघतात, कारण फ्लेक्स तंगुसावर टिकत नाही. ती भोके लांबीने बुजवून वर रंगाचा हात मारल्याशिवाय अनामत रक्कम परत मिळत नाही. ते काम कोणाकडे, हे मंडळाने पहिल्याच बैठकीत ठरवावे.

कळावे.

अभिप्रायवहीत ‘छान’ लिहून गेलेला एक प्रेक्षक